रुखवतातला व्हिडिओ गेम

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये टीममधल्या एका मुलाने मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचून दाखवली. एका बड्या कंपनीचा नवा कन्सोल येतोय आणि त्याला डिस्क घालायला जागाच ठेवलेली नाही. पैसे भरायचे, खेळ नेटवरून उतरवायचा आणि खेळायचं. खाली बारीक अक्षरांत असंही होतं, की आपण हा खेळ विकत घेत नसून तो वापरण्याची परवानगी घेत आहात आणि ती परवानगी कंपनी केव्हाही काढून घेऊ शकते. वाचणारा खुशीत होता. बरंच झालं, कपाटात डब्यांचा पसारा नको, म्हणाला.

"अरे, म्हणजे पैसे तुझे आणि वस्तू त्यांची," मी म्हटलं. "भाडेकरू आहेस तू. आणि पुण्यात भाडेकरूला बाहेर काढायचं तर निदान कोर्टात तरी जावं लागतं. तुला तेवढीही किंमत नाही."

"मॅम, आजकाल कोण काही ओन करतं? ॲक्सेस असला की बास."

जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मी त्याला सुनावलं. बिचारा डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. एका बातमीवर एवढं तापायचं काय कारण, असं बाकीच्यांना वाटलं असेल. त्यांना काय सांगणार? "वापर, पण तो तुझा नाही" हे वाक्य मी कंपनीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत नव्हते. ते मी कोथरूडमध्ये, आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, आईच्या तोंडून ऐकत लहानाची मोठी झाले.

आमच्या घरात पहिला व्हिडिओ गेम आला तो दादाच्या मुंजीत. मस्कतच्या मामाने आणला. जपानी यंत्राची चिनी नक्कल होती ती. डब्यावर हजारो खेळ आहेत असं छापलेलं, आणि खरे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकीचे तेच, नाव बदलून. दादाने मुंजीच्या हळकुंडासकट तो टीव्हीला जोडला, महिनाभर खेळला आणि मग सोसायटीच्या पार्किंगमधल्या क्रिकेटला गेला तो गेलाच. गेम माझ्या हातात आला. माझा मात्र झाला नाही.

"दादाचा गेम नीट ठेव गं." "दादाच्या गेमची वायर ओढू नकोस." "दादाचे मित्र आलेत, त्यांना बसू दे." दादाचे मित्र आले की मी उठायचं. फार तर दुसरा कंट्रोलर मला मिळायचा. त्या यंत्राच्या दुसऱ्या कंट्रोलरला खेळ सुरू करायचं बटणच नव्हतं. सुरू करायचं ते पहिल्यानेच, थांबवायचं तेही पहिल्यानेच. हे ज्या कोणी इंजिनिअरने ठरवलं त्याला बहीण होती का, आणि असल्यास ती त्याच्याशी बोलत होती का, असं मला अजून विचारायचंय.

माझी वेळ दुपारची. आई जेवण उरकून आडवी व्हायची, सोसायटी चिडीचूप, पाटीच लावलेली असायची की दुपारी विक्रेत्यांनी बेल वाजवू नये. मी टीव्हीचा आवाज बंद करून खेळायचे. आवाज नसल्यामुळे माझं सगळं लक्ष बोटांत आलं. पडद्यावरचा माणूस कुठल्या विटेवरून उडी मारेल, शत्रू कधी वळेल, हे मला पाठ झालं. दादाच्या मित्रांना जी पातळी ओलांडता येत नव्हती ती मी डोळे मिटून ओलांडायचे. ते बघून एकजण म्हणाला होता, "तुझी बहीण भारी खेळते रे तुझा गेम." कौतुकसुद्धा दादाच्याच खात्यात जमा.

बातम्यांचं वेड मला रद्दीच्या दुकानात लागलं. कर्वे रस्त्याला आतल्या गल्लीत एक रद्दीवाले होते, त्यांच्याकडे परदेशी मासिकं यायची. कोणाच्या तरी अमेरिकेतल्या मुलाने आणलेली, वाचून टाकलेली. त्यात कोणत्या कंपनीचं कोणतं यंत्र येणार, कोणी कोणावर कुरघोडी केली, कोणाचा खेळ फसला हे सगळं असायचं. माझ्या हातात येईपर्यंत बातमी इतकी शिळी झालेली असायची, की जे "येणार" होतं ते तिकडे येऊन, विकून, बंदही झालेलं असायचं. मला फरक पडत नव्हता. भारतात यातलं काहीच अधिकृत मिळत नव्हतं, त्यामुळे जिंकलेलं यंत्र आणि हरलेलं यंत्र दोन्ही माझ्यासाठी सारखीच लांब. म्हणूनच असेल, विक्रीचे आकडे बघून मत बनवायची सवय मला लागली नाही. जे लिहिलंय ते वाचायचं, चित्रं बघायची आणि आपलं मत आपण करायचं.

मग शिकले, आयटीत लागले. सॉफ्टवेअर तपासायचं काम, दुसऱ्याने केलेल्या गोष्टीतल्या चुका काढायचे पैसे मिळतात हे कळल्यावर बाबा म्हणाले, "तुझ्यासाठीच काढलाय हा धंदा." नवं शतक लागत होतं. ऑफिसातला जो तो अमेरिकेला ऑनसाइट जात होता आणि येताना इतरांसाठी सामान आणत होता. कोणी कॅमेरा सांगायचं, कोणी सेंट, कोणी बाळासाठी प्रॅम. मी कन्सोल सांगितला. आणून देणारा सहकारी चांगला माणूस होता, पण डबा माझ्या हातात ठेवताना त्यानेही विचारलं, "भावासाठी ना?"

"नाही. माझ्यासाठी."

"अच्छा, अच्छा," असं तो म्हणाला, आणि मग जरा वेळाने, "म्हणजे नंतर भाऊही खेळेलच."

तो पांढरा डबा अमेरिकेतला होता, म्हणून त्याला निम्म्या दाबाची वीज लागायची. आपल्या भिंतीतल्या विजेला थेट जोडला असता तर धूर. मी बुधवार पेठेतून एक ट्रान्सफॉर्मर करून आणला. लोखंडी, विटेएवढा, आणि चालू केला की घूं घूं करणारा. पुढे माझ्या आयुष्यात या ठोकळ्याने बरीच उलथापालथ केली.

आता त्या यंत्राबद्दल बोलू द्या, कारण त्याच्याबद्दल फार खोटं बोललं गेलंय. ते त्या काळातलं सगळ्यात देखणं आणि सगळ्यात शहाणं यंत्र होतं. त्याचं मेमरी कार्ड कंट्रोलरच्या पोटात बसायचं आणि त्या कार्डालाही स्वतःचा चिमुकला पडदा होता. फोनच्या तारेवरून ते जगातल्या कोणाशीही खेळू शकत होतं, आणि तेव्हा आमच्या सोसायटीत ई-मेल कशाशी खातात हेही लोकांना धड माहीत नव्हतं. त्यावरचे खेळ रंगांनी नुसते फुललेले असायचे. आणि मी घेतला त्यानंतर थोड्याच महिन्यांत बातमी आली, की कंपनी कन्सोल बनवणंच बंद करतेय. प्रतिस्पर्धी कंपनीच्या पुढच्या यंत्राची जाहिरात आली होती आणि लोक त्याची वाट बघत बसले. समोर ताट वाढलेलं असताना शेजारच्या घरातून येणाऱ्या वासावर जगणारी माणसं. यंत्र बुडालं ते या वाट बघणाऱ्यांमुळे, स्वतःच्या दोषामुळे नाही.

ऑफिसात माझी टिंगल झाली. "हरलेला घोडा घेतलास." "आता शोकेसमध्ये ठेव." मी त्यांना म्हटलं, मंडईत सगळ्यात जास्त कोबी खपतो, म्हणून कोबी ही सगळ्यात चांगली भाजी झाली का? जिंकलेल्यांचा इतिहास लिहायला माणसं पुष्कळ असतात. मी हरलेल्याच्या बाजूने बोलते, कारण मी तो खेळलेय आणि टिंगल करणाऱ्यांपैकी कोणीही खेळलेलं नव्हतं.

तर असा माझा तो डबा. माझ्या पगारातला, माझ्या हट्टाचा. आणि मी लग्नाची झाले.

खरं तर होऊन गेले होते, असं आईचं मत. स्थळ आलं ते मूळचं वऱ्हाडातलं. घर बिबवेवाडीत, मुलाच्या वडिलांचा मार्केट यार्डात संत्र्यांचा गाळा, मुलगा माझ्यासारखाच आयटीतला. पाहायला येणार त्या दिवशी आईने मला बजावलं, "आवड विचारली तर वाचन सांग."

"मी काय वाचते?"

"त्यांना कुठे माहितीये!"

पोहे झाले. आम्हाला दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं. त्याने आवड विचारली. मी सांगितलं, व्हिडिओ गेम. त्याचे डोळे चमकले. त्याच्याकडे प्रतिस्पर्धी कंपनीचा तो जिंकलेला कन्सोल होता. मग त्याने माझ्याकडचा कोणता ते विचारलं, आणि ऐकून म्हणाला, "पण ती कंपनी बंद पडली ना?"

"कंपनी बंद पडली नाही. यंत्र बनवणं बंद केलं. दोन्हीत फरक आहे."

"सॉरी," तो म्हणाला. "मी खेळलो नाहीये तो. कसा आहे?"

कसा आहे, हे मला तोपर्यंत कोणीही विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. आत पोह्यांच्या बश्या उचलून, चहा होऊन, दोन्हीकडच्या मंडळींचे हवापाण्याचे विषय संपले तरी आम्ही गॅलरीतच. आईला वाटलं काहीतरी बिनसलं. मी होकार दिला.

पंचाईत झाली ती होकारानंतर. बोलणी करायला मंडळी पुन्हा बसली तेव्हा काय काय बरोबर येणार याचा विषय निघाला. माझी मोपेड, माझं कपाट, माझा कन्सोल. होणाऱ्या सासूबाई सहज बोलल्या, "पोराकडे आहे ना जी एक. दोन-दोन कायले पाहिजे? वापरंन त्याचाच." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. एका घरात दोन मिक्सर कशाला, इतकंच. पण आईने तो धागा झटकन उचलला. मंडळी गेल्यावर म्हणाली, "बरं झालं. तुझा राहू दे इथे, दादाला होईल. तिकडे आहेच की जावईबापूंचा. तो वापर."

वापर. मला त्या शब्दाने तिडीक आली.

"तो माझा आहे आणि मी तो नेणार."

"अगं, दोन डब्यांवरून काय भांडायचं? नवऱ्याचं काय आणि तुझं काय."

"मग जावईबापूंचा दे दादाला, आणि जावईबापूंनी माझा वापरावा."

आईने भाजी निवडता निवडता, मान खाली घालून सांगितलं, "माझ्या रुखवतात मी स्वतः विणलेल्या बारा खुर्च्यांची कव्हरं होती. सासरी गेल्यावर पहिल्याच दिवाळीत नणंदेच्या घरी गेली. मी विचारलंही नाही. तसंच असतं ते. सवय होते."

"मला नाही करायची ती सवय," मी म्हटलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

रुखवताचा विषय तिथूनच माझ्या डोक्यात शिरला. नवरीने आपल्या हातांनी काय काय केलं ते मांडून दाखवायचं, ही त्यामागची मूळ कल्पना. आमच्या वेळेपर्यंत मात्र कोणाला वेळ होता? पेठेत एक बाई तयार रुखवत भाड्याने द्यायच्या. मण्यांचं तुळशीवृंदावन, सुपारीचे भटजी, लोकरीचा ससा, साखरेचा नारळ. आई आणि मावशी ते ठरवून त्याचा फोटो घेऊन आल्या. तोच ससा मी त्या वर्षात दोन मैत्रिणींच्या लग्नांत पाहिलेला होता. त्याचा एक कान शिवलेला होता म्हणून ओळखला. आणि आता त्याच्यासमोर "चि. सौ. कां. हिच्या हातचे" अशी चिठ्ठी लागणार होती.

"मी सुई कधी धरली नाही," मी म्हटलं.

"रुखवतात कोण विचारतं?" मावशी म्हणाली.

मग मी ठरवलं. हातचंच मांडायचं असेल तर माझ्या हातांना जे येतं ते मांडू. आणि रुखवतात मांडलेली वस्तू नवरीबरोबर सासरी जाते, ती नवरीची असते, हे चारचौघांसमोर ठरलेलं असतं. मी बाबांना सांगितलं. बाबा बँकेतले, कमी बोलणारे. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि विचारलं, "तो ठोकळाही लागेल का?"

लग्नाच्या दिवशी सकाळी कर्वेनगरच्या कार्यालयात बाबा सोवळ्यात, उपरणं कमरेला खोचून, दोन्ही हातांत तो लोखंडी ट्रान्सफॉर्मर धरून हॉलमधून चालत आले. दिसलेल्या प्रत्येकाला वाटलं कार्यालयाची वीज गेली. त्यांनी टेबलाच्या टोकाला, सुपारीच्या भटजींशेजारी, घरचा छोटा टीव्ही ठेवला, त्याच्यापुढे पांढरा डबा. मी मुंडावळ्या सावरत तारा जोडल्या, गाड्यांच्या शर्यतीचा खेळ चालू केला आणि पुढे चिठ्ठी ठेवली: "वधूच्या हातचे". त्या खेळातली शर्यत मी ज्या वेळेत संपवली होती ती वेळ पडद्यावर झळकत होती. माझ्या ओळखीत तेवढ्या वेळात ती कोणी संपवली नव्हती. विणकामाला लोक बघून वाहवा करतात, मग हे काय कमी होतं?

मी आत गौरीहराला बसायला गेले. मागे मावशीने ते पाहिलं, आईला बोलावलं. आई भयंकर चिडली. कार्यालयातली एक पांढरी चादर आणून तिने टीव्हीसकट सगळं झाकून टाकलं. बटण बंद कुठून करायचं ते मात्र तिला माहीत नव्हतं.

अक्षता पडल्या, लग्न लागलं. जेवणाच्या आधी मुलाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. मी शालू सावरत मागे उभी. वृंदावन झालं, ससा झाला, नारळ झाला. टेबलाच्या टोकाला आल्यावर चादरीखालून घूं घूं आणि वर गाड्यांच्या शर्यतीचं संगीत.

सासूबाई थबकल्या. "विहीणबाई, हे आतमधी काय वाजून राहिलं जी?"

सासूबाईंनी चादर उचलली. खाली पांढरा डबा, पडद्यावर धावणाऱ्या गाड्या, आणि चिठ्ठी. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी पुढे झाली. तिच्यासारखी प्रसंगावधानी बाई मी पाहिली नाही. चिठ्ठी तळहाताखाली दडवत ती मोठ्याने म्हणाली, "अहो, हे आमच्याकडून जावईबापूंना! सरप्राइज ठेवलं होतं, म्हणून झाकलेलं."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "वा! हौशी आहेत हो तुमची माणसं." कोणीतरी नवऱ्या मुलाला ओढत आणलं. फोटोग्राफरने त्याच्या हातात कंट्रोलर दिला आणि हसायला सांगितलं. एक काका म्हणाले, "आता संपलं. आता सूनबाईला कोण विचारतंय!" आणि सगळा हॉल हसला. त्याला ठाऊक होतं तो डबा कोणाचा आहे ते. त्याने माझ्याकडे ओशाळून पाहिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. एवढ्या माणसांत सुचलं नाही, असं तो नंतर म्हणाला. ते स्पष्टीकरण मी अजून मान्य केलेलं नाही.

मी जळत उभी होते. माझ्या घामाचा पैसा, माझ्या बोटांनी मिळवलेली वेळ, माझी चिठ्ठी, आणि दोन मिनिटांत डबा पुन्हा दादाचा गेम झाला होता, फक्त दादा बदलला होता. तिथल्या तिथे बोलले असते तर मावशी खोटी पडली असती, आई रडली असती आणि लग्नात विघ्न आणलं म्हणून माझं नाव झालं असतं. गप्प बसले असते तर जन्मभर मागून खेळावं लागलं असतं. मला दोन्ही नको होतं.

पंगत बसली. घास भरवायची वेळ झाली आणि दोन्हीकडच्या बायकांनी घोशा लावला, नाव घ्या, नाव घ्या. आईने माझ्यासाठी चांगला सोज्वळ उखाणा पाठ करून घेतला होता. चांदीचं ताट वगैरे होतं त्यात. मी जिलबीचा तुकडा हातात धरला, सगळे गप्प होईपर्यंत थांबले आणि घेतलं:

"रुखवतात मांडलाय माझ्या मालकीचा खेळ,
…रावांनी मागून घ्यावा, मिळाला की वेळ."

नाव मोठ्यानेच घेतलं. त्यात कमीपणा कसला? मग वऱ्हाडाकडच्या एका आजींनी खो खो हसायला सुरुवात केली आणि त्यांच्यामागे बाकीच्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पानावरचा हात थांबवून मला विचारलं, "म्हंजे तो पोराले नाही दिला?"

"नाही. माझा आहे. मी घेतलाय आणि मीच खेळते."

"मंग मघाशी तुयी मावशी काय म्हणून राहिली होती?"

"मावशीला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही."

त्यांनी मावशीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "आवडाचं काय त्याच्यात? तुया आहे तर तुया म्हणा. झाकून कायले ठेवाचं?" आणि त्या वरणभात कालवायला लागल्या. त्यांच्या लेखी विषय संपला होता. माझा नवरा माझ्या हातातली जिलबी खाऊन हळूच म्हणाला, "मागितला तर देशील?"

"बघू," मी म्हटलं.

आई त्यानंतर माझ्याशी बोललीच नाही. पाहुण्यांना पानं दे, सुपारी दे, कोणाची पिशवी राहिली बघ, असं तिचं चाललेलं. माझ्याजवळून गेली तरी नजर दुसरीकडे. मी आपली रडत नव्हते. निघायची वेळ होत आली तरी मला रडू येत नव्हतं, कारण राग अजून संपला नव्हता. मार्केट यार्डातल्या गाळ्याचा टेम्पो सामान न्यायला दारात लागला. पेठेतल्या बाईंचा माणूस ससा, वृंदावन आणि भटजी खोक्यात भरून घेऊन गेला. टेबलावर स्टीलची भांडी उरली, आणि टोकाला माझा डबा.

दादा आला. त्याने तारा गुंडाळल्या, डबा काखेत मारला आणि चप्पल शोधायला लागला. "हा मी घरी नेतो गं," तो मला म्हणाला. "तिकडे एक आहेच ना तुला." त्याच्या मनातही काही वाईट नव्हतं. वाईट कोणाच्याच मनात कधी नसायचं, तीच तर अडचण होती.

मी बोलायच्या आत आई मध्ये आली. हातात कुंकवाचा करंडा होता, डोळे लाल झालेले, आवाज चढलेला, आणि ती माझ्यावरच चिडलीय असं मला वाटलं.

"ठेव तो खाली," ती दादाला म्हणाली. "तिचा आहे. हवा असेल तर तिला विचार."

दादाने डबा खाली ठेवला. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जन्मात पहिल्यांदा मला विचारलं, "नेऊ का गं?"

मी म्हटलं, "नाही."